कातरण

नीळकंठ म्हैसाळकरांच्या घरातले सगळे यमन एका सकाळी नाहीसे झाले. त्यांच्यापाठोपाठ मारवे गेले, तोड्या गेल्या, आणि हरिहरबुवा कवठेकरांचा नायकी कानडाही गेला.

चूक म्हणाल तर कुणाचीच नव्हती. लेक केतकी बेंगळुरूला असते. तिने बापाच्या जुन्या संगणकात एक सफाईवाला प्रोग्राम बसवून दिला होता. प्रोग्राम मोठा अदबशीर. काही फेकायचं असलं की आधी क्षमा मागायचा. पण गाण्यातलं त्याला काय कळणार? नीळकंठरावांनी फायलींना नावं दिली होती ती अशी : 'यमन', 'यमन छान', 'यमन फारच छान', 'यमन लाईट गेले तेव्हाचा'. एकच गाणं या गृहस्थाने इतक्या ठिकाणी कशाला साठवून ठेवलंय, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. त्याने प्रत्येक रागाचा एकेक नमुना ठेवला आणि बाकीचे काढून टाकले. पत्नी शैलजाबाई गेल्यापासून नीळकंठरावांनी गाणं उघडलंच नव्हतं, त्यामुळे पुढच्या सफाईत ते नमुनेही गेले. पडद्यावर अभिनंदनाचा निरोप आला की भरपूर जागा मोकळी झाली आहे. त्या जागेत मग केतकी रोज पाठवायची ते नातवाचे फोटो आणि व्हिडिओ जाऊन बसले.

हे सगळं उघडकीला आलं ते अनघा दारात उभी राहिली तेव्हा. अनघा ही हरिहरबुवांची नात. बुवा कधी रेडिओवर गेले नाहीत, मैफलीत कुणी मोबाइल काढला तर गाणं थांबवून उठून जायचे. मिरजेत ते फक्त एका घरी मोकळेपणाने गायचे, ते म्हैसाळकरांकडे, आणि ध्वनिमुद्रण करायची परवानगीही जगात एकट्या नीळकंठरावांना होती. अट एकच : प्रत एकच ठेवायची, आणि मी असेपर्यंत ती घराबाहेर जाता कामा नये. पाटबंधारे खात्यात सगळी हयात काढलेल्या माणसाने ती अट कालव्याच्या पाळीसारखी पाळली. आता बुवाही नव्हते.

"काका, मी आजोबांचं गाणं कधी ऐकलंच नाही," अनघा म्हणाली होती. "ते गेले तेव्हा मी परदेशात शिकत होते. लहानपणी ऐकलं असेल, पण तेव्हा आम्ही अंगणात खेळत होतो."

"तुझंच आहे ते," नीळकंठराव म्हणाले. "घेऊन जा." आणि त्यांनी संगणक उघडला.

रिकाम्या फोल्डरकडे ते कितीतरी वेळ बघत बसले. मग अनघाच म्हणाली की हा संगणकाचा डबा मला द्या, मी पुण्याला नेते. ती ज्या प्रयोगशाळेत काम करत होती, तिथे हेच काम चालायचं.

ते काम काय, हे तिने नीळकंठरावांना त्यांच्याच भिंतीवर दाखवलं.

"घराला नवा रंग दिलाय ना तुम्ही? पण या स्विचबोर्डाच्या कडेला बघा, जुना पोपटी अजून दिसतोय. संगणकाची चकती अशीच असते. तिच्यावर चुंबकाने बारीक गोल रेघा ओढलेल्या असतात. पुसलं म्हणजे खरं तर काही पुसत नाही, फक्त ही रेघ मोकळी आहे असं नोंदवतात. नंतर त्याच रेघेवर दुसरं लिहितात. पण लिहिणारी सुई अगदी त्याच जागी कधीच येत नाही, केसाच्या हजाराव्या भागाइतकी इकडेतिकडे होते. त्यामुळे जुन्या लिखाणाची कड उरते."

"आणि ती कड तुम्ही वाचता?"

"आता वाचतो. हिऱ्याच्या एका कणात मुद्दाम खोट ठेवलेली असते, त्या खोटीला इतकं क्षीण चुंबकत्वही जाणवतं. पण ही कड मुकी असते, काका. चकती तापवावी लागते, मग ती एकदाच बोलते, आणि त्या उष्णतेने कायमची जाते. म्हणून आधी काठाचे नखाएवढे एकदोन तुकडे चिरून, वेगवेगळे वाचून बघतो."

नीळकंठरावांनी मान डोलावली. खोट असलेला हिरा जास्त ऐकतो, हे त्यांना फार आवडलं.

पंधरवड्याने अनघाचा फोन आला, आणि तिचा आवाज ऐकूनच ते पुण्याला निघाले.

प्रयोगशाळेच्या छोट्या खोलीत तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. "नखाएवढ्या तुकड्यांत दोन गोष्टी निघाल्या," ती म्हणाली. "रेघेच्या डाव्या कडेला हे आहे."

हरिहरबुवांचा षड्ज खोलीत आला. खाली तानपुरा होता, शैलजाबाईंनी लावलेला. नीळकंठरावांचे डोळे मिटले. अनघा खाली मान घालून उभी होती. जेमतेम दोन श्वासांचं ते गाणं होतं.

"आणि उजव्या कडेला हे."

आधी ठकठक ऐकू आली. शेजारच्या इमारतीचा पाया खणत होते त्याची. मग बांगड्या वाजल्या. मग शैलजाबाई बोलल्या.

"अहो, तुम्हाला एक सांगायचंय."

मग काहीच नाही. नुसती ठकठक. मग परत शैलजाबाई, "बरं. झाल्यावर सांगते."

नीळकंठराव खुर्चीतून उठले आणि परत बसले. तो पाया खणत होते त्याच हिवाळ्यात शैलजाबाई गेल्या. आजार नाही, तक्रार नाही. रात्री दही लावून झोपल्या आणि सकाळी उठल्या नाहीत.

"ही कसली फाईल, काका?" अनघाने विचारलं.

"कातरण," ते म्हणाले.

शिंप्याकडे कापड बेतून झालं की खाली पडतं ते कातरण. नीळकंठरावांकडेही ते पडायचं. बैठक संपली की दुसऱ्या दिवशी ते कानाला हेडफोन लावून बसायचे आणि गाण्याच्या आधीचं, नंतरचं, मधलं सगळं कापून काढायचे. खोकला, कपबश्या, तानपुरा लावणं, 'उशी घ्या ना बुवा', सगळं. स्वच्छ गाणं एका फोल्डरमध्ये, कातरण दुसऱ्यात. कातरण आठवड्याला पुसायचं, आणि त्या जागेवर पुढचं गाणं चढायचं. आपल्या घरचे आवाज गाण्यात आले की त्यांना जेवणात केस आल्यासारखं वाटे.

"पण मधे इतका वेळ शांत का आहे? तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मी हात केला असेल." त्यांनी तळवा वर करून दाखवला. मशीन एकदा सुरू झालं की नीळकंठराव तोंडातून शब्द काढत नसत. दोन बोटं म्हणजे दोन चहा, मान म्हणजे हो, तळवा म्हणजे थांब. 'आमच्याकडे ट्रॅफिक पोलीस आहेत,' असं शैलजाबाई पाहुण्यांना सांगायच्या. "मला ऐकूच आलं नसेल, अनघा. कानाला हेडफोन असायचे, मी बुवांचा आवाज जुळवत असणार."

अनघाने पुढचं सांगितलं. "एका वेळी एकच कड वाचता येते. डावी वाचली की उष्णतेने उजवी जाते, आणि उजवी वाचली की डावी."

"अर्धी अर्धी?"

"चकती काठावर चिरता येते, मधून चिरली तर फुटते. तापते ती अख्खी तापते."

नीळकंठरावांनी ग्लासातलं उरलेलं पाणी संपवलं.

"ठरवायचं तुम्ही," अनघा म्हणाली. "वस्तू तुमची आहे." तिने ते चांगल्या मनाने म्हटलं, पण डोळे दुसरीकडे वळवून म्हटलं.

मिरजेला परत आल्यावर त्यांनी केतकीला फोन केला. ती समजूत घालू लागली. "बाबा, आईचे व्हिडिओ आहेत की आपल्याकडे. माझ्या लग्नातले आहेत, गोव्याचे आहेत."

"त्यात ती कॅमेऱ्याशी बोलते."

"आणि तुम्ही त्या मुलीला शब्द दिलाय."

"दिलाय."

"काय असणार आहे ते? दूधवाल्याचं नाहीतर गॅसचं काहीतरी."

"असेल," नीळकंठराव म्हणाले. "पण छातीत दुखतंय हेही असू शकतं ना, केतकी? मी हात केला, म्हणून राहून गेलं असेल."

'उद्या बोलू,' म्हणून केतकीने फोन ठेवला. ते ठरवायला त्यांना आठवडा लागला असं लोकांना वाटलं. खरं तर पुण्याहून येताना, जेजुरी मागे पडायच्या आतच त्यांचं ठरलं होतं. उरलेले दिवस अनघाला तोंड कसं दाखवायचं याचा विचार करण्यात गेले.

"उजवी," त्यांनी फोनवर सांगितलं.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "आजोबांचं दुसरं काहीच नाही, काका. कुठेच नाही."

"माहीत आहे."

"बरं," अनघा म्हणाली. आणि त्या 'बरं'मध्ये नीळकंठरावांना शैलजाबाईंचं 'बरं' ऐकू आलं.

तिने काम चोख केलं. अख्खं कातरण निघालं. दिवस, तारखा पुसट झालेल्या, क्रम विस्कटलेला, पण आवाज असा की बांगडी कुठल्या हातातली तेही कळावं. ज्या दुपारी ते घरी आलं, त्या दुपारी नीळकंठरावांनी जेवण झाकून ठेवलं आणि ऐकायला बसले.

"लावू का?" शैलजाबाईंनी विचारलं.

थोडी शांतता. मग तानपुऱ्याच्या खुंट्या करकरल्या, आणि पंचम वर चढू लागला.

पुढच्या तुकड्यात परत, "लावू का?" मग शांतता, मग पंख्याची घरघर. त्याच्या पुढच्यात "लावू का?" आणि कुकरच्या झाकणाचा आवाज. दार, दिवा, उदबत्ती, बुवांच्या गुडघ्याला मलम, सगळ्याला ती हा एकच प्रश्न विचारायची, आणि दरवेळी प्रश्नानंतर तेवढीच पोकळी. नीळकंठरावांना हळूहळू उमगलं की त्या पोकळीत ते स्वतः आहेत. मान हलवत असतील, बोटं दाखवत असतील, हसतही असतील, कारण एकदा शैलजाबाई मोठ्याने हसून म्हणाल्या, "इश्श, बुवांसमोर काय हे!" काय केलं होतं आपण? आठवेना.

तुकड्यामागून तुकडे गेले. बुवा खोकत होते, तबलजी हातोडी मागत होता, केतकी लहानपणच्या आवाजात भूक लागली म्हणत होती. सगळं घर भरलेलं होतं, फक्त नीळकंठराव कुठे नव्हते. शैलजाबाई कुणाशी तरी बोलायच्या, थांबायच्या, ऐकून घेतल्यासारखं करायच्या आणि उत्तर द्यायच्या. मेलेलं माणूस त्या आवाजातलं की ऐकणारा, असा प्रश्न त्यांना पडला, आणि त्यांनी उठून खोलीचा दिवा लावला. भर दुपारी.

त्यांनी अनघाला फोन करून विचारलं, "तुझ्या यंत्राला माझा आवाज भरता नाही का येणार त्या जागांमध्ये?"

"जे लिहिलंच नाही, त्याची कड कुठून येणार, काका?"

मग ते स्वतःच भरू लागले. पहिल्यांदा तोंडातून निघून गेलं. "लावू का?" आणि हे म्हणाले, "लाव." बरोबर तेवढ्याच वेळात खुंट्या करकरल्या.  त्यांनी परत लावलं, परत म्हणाले, परत तिने ऐकलं. त्या दिवसापासून दुपारी म्हैसाळकरांच्या घरात दोन माणसं बोलू लागली. कुठे किती वेळ मिळतो हे त्यांना पाठ झालं. आपण काय म्हणालो असू, ते तिच्या पुढच्या वाक्यावरून ओळखायचं. काही जागा जमल्याच नाहीत. एका ठिकाणी ती म्हणते, "एवढं काय रागवायचं ते?" त्याच्या आधी त्यांनी नाना गोड उत्तरं देऊन पाहिली, पण ती दरवेळी तेच म्हणाली.

तानपुऱ्याची गवसणी त्यांनी काढली. ती लावेल तशी तारेला तार लावायला शिकले. भिशीला जाणं सुटलं, सकाळचं फिरणं सुटलं. शेजारचे मगदूम जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "पाव्हणे आलेत काय ओ? वहिनींसारखाच आवाज आहे की." नीळकंठराव "हो, आलेत," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

मात्र ज्याच्यासाठी सगळं केलं, तो तुकडा सापडत नव्हता. 'झाल्यावर सांगते' इथपर्यंत होतं. त्या बैठकीच्या शेवटचं कातरण हवं होतं, गाणं संपल्यानंतरचं. ठकठक ऐकू येणारा प्रत्येक तुकडा ते बाजूला काढत होते.

केतकी न कळवता आली ती याच दिवसांत. बाप फोन उचलत नाही म्हणून घाबरून आली होती. तिने किल्लीने दार उघडलं आणि चपला काढता काढता थबकली. आतल्या खोलीत आई विचारत होती, "भाताला फोडणी घालू की साधाच?" आणि बाबा म्हणत होते, "साधाच बरा."

ती तिथेच दाराशी खाली बसली. आत गेली तेव्हा तिचा चेहरा बघून नीळकंठराव उभे राहिले. हातात रिमोट, अंगात आठवड्याचा सदरा.

"बाबा, हे काय चाललंय?"

"सापडला, केतकी," ते म्हणाले. "आत्ताच सापडला. अजून ऐकला नाही. बस, बरोबर ऐकू."

शेवटची 'वाहवा' विरत होती. सतरंजीवरून माणसं उठत होती. तानपुरा अजून घुमत होता, लांबून ठकठक येत होती. मग बांगड्या जवळ आल्या.

"झालं ना? आता सांगू?"

"सांग," नीळकंठराव म्हणाले. "सांग ना."

तेवढीच शांतता. मग शैलजाबाईंच्या आवाजात हसू आलं. "अगं बाई, अजून आस आहे वाटतं. थांबते."

तार छेडून हात काढला तरी नाद रेंगाळतो, त्याला गाण्यात आस म्हणतात. ती पूर्ण विरेपर्यंत नीळकंठराव मशीन कधी बंद करत नसत. तिला ते ठाऊक होतं. दोघं, चौघं, सगळं घर तेव्हा त्या विरत्या नादाभोवती गप्प उभं असणार. नाद बारीक होत गेला, आणखी बारीक झाला, आणि मग खट् असा आवाज आला. त्यांच्याच बोटाचा. त्या पुढे काही नव्हतं.

नीळकंठरावांनी परत लावलं. "सांग," म्हणाले. खट्. परत लावलं. केतकीने त्यांच्या हातातून रिमोट काढून घेतला.

"बाबा, अहो, म्हणजे तिनं सांगितलंय की तुम्हाला! मशीन बंद झाल्यावर. ती थांबली होती ना तिथेच? मग सांगितलंच असेल."

 हे त्यांना सुचलंच नव्हतं.

"काय म्हणाली होती आई? आठवा बघू."

नीळकंठराव आठवू लागले. त्या संध्याकाळचा नायकी कानडा त्यांना जसाच्या तसा आठवला. बुवांनी निषादावर केवढा वेळ काढला, कुठल्या आवर्तनात तबलजी चुकला आणि बुवा कसे हसले, तिसऱ्या तानेत आवाज फाटला तो कुठे. त्यानंतर मशीन बंद केलं तेही आठवलं. शैलजा समोर उभी होती, हिरव्या काठाची साडी होती, तिचे ओठ हलत होते. त्यांना ओठ दिसत होते. आवाज नव्हता.

"सांगितलं असेल," ते म्हणाले. "मी ऐकलंही असेल गं. पण मला आठवत नाही."

आणि ते रडले. बायको गेली तेव्हा लोकांसमोर रडायला लाजलेला हा माणूस, लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडला.

केतकी राहिली. तिसऱ्या दिवशी अनघा आली. तिला नीळकंठरावांनीच बोलावलं होतं. आधी त्यांनी तिला बुवांचे आवाज दिले : खोकला, पाणी मागणं, 'शैलाताई, तुमचा पंचम म्हणजे देवाघरचा' असं म्हणणं. अनघा ते उभ्यानेच ऐकत राहिली. "असेच खोकायचे," ती म्हणाली आणि नाक पुसलं.

"गाणं मी घालवलं तुझं," नीळकंठराव म्हणाले. "पण ते सगळं इथे आहे." त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. "हिला काय सांगायचं होतं ते राहिलं नाही, आणि हे मात्र राहिलंय बघ. गळा नाही मला. कसंतरी होईल. पण बुवा कुठून कुठे गेले ते दाखवतो."

अनघाने रेकॉर्डर मधे ठेवला. लाल दिवा लागला. नीळकंठरावांनी तानपुरा जुळवला, खाकरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणासमोर गायले. आवाज बोदा होता, श्वास पुरत नव्हता, पण वळणं बुवांची होती. अनघा हलायची थांबली. ते निषादावर पोचले आणि बुवांसारखेच तिथे थांबले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून केतकीने विचारलं, "बाबा, कुकर लावू का?"

नीळकंठरावांचा तळवा वर गेला. इतक्या वर्षांची सवय, आपोआप गेला. हवेतल्या त्या हाताकडे त्यांनी पाहिलं. केतकी आत होती, तिला तो दिसणारही नव्हता. त्यांनी हात खाली घेतला.

"लाव गं," ते मोठ्याने म्हणाले. "आणि डाळ जरा जास्त टाक, अनघा जेवून जाणार आहे."

"बरं," आतून आवाज आला.

"असू दे, काका," अनघा हळूच म्हणाली. "हे मी नंतर कापून टाकते."

"कापू नकोस," नीळकंठराव म्हणाले.

मांडीवरचा तानपुरा अजून घुमत होता. आत केतकीने कुकरचं झाकण लावलं.